उडत्या तबकडीवरचा संसार

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. मधल्या सुट्टीत आम्ही कार्यालयाच्या खिडकीशी उभे होतो. मैदानाच्या एका टोकाला नववीतली चार-पाच मुले जमली होती आणि त्यांतला एकजण डब्याचे स्टीलचे झाकण मनगटाला झटका देऊन पलीकडच्या कडुनिंबाकडे भिरकावीत होता. झाकण हवेत तरंगत जाई, शेवटी डावीकडे वळे आणि खणकन बुंध्यावर आदळे. झाकण कोणाच्या डोक्यात बसले असते तर, या विचाराने आम्ही त्या मुलास आत बोलावले. त्याने झाकण आमच्या टेबलावर ठेवले, मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "सर, याचीसुद्धा खरोखरीची स्पर्धा असते. अमेरिकेत एका खेळाडूला त्याबद्दल एक कोटी डॉलर मिळाले."

शिक्षकाच्या आयुष्यात थापा पुष्कळ ऐकाव्या लागतात. ही त्यांतलीच एक समजून आम्ही त्यास ताकीद देऊन परत पाठविले. परंतु दोनच दिवसांनी त्याचे वडील भेटावयास आले. मुलगा खो-खो उत्तम खेळतो आणि रोज संध्याकाळी सरावास जातो. पुढले वर्ष दहावीचे, म्हणून वडिलांनी सराव बंद करण्यास सांगितले, तेव्हा त्याने या एक कोटी डॉलरवाल्या खेळाडूचा दाखला वडिलांच्या तोंडावर फेकला. "सर, तुमचं तो ऐकेल," ते म्हणाले. "जरा समजावून सांगा ना त्याला. फेकाफेकीनं कुठं पोट भरतं का?"

आम्ही त्यांस बसविले, पाणी दिले आणि चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्यास कारण होते. वीस वर्षांपूर्वी अशाच एका पालकाला आम्ही मुदत न मागता उत्तर दिले होते. तो मुलगा मल्लखांबावर असा खेळे की पाहणाऱ्याने श्वास रोखून धरावा. "खेळ पुरे, आता अभ्यास," असे आम्ही सांगितले आणि त्याने ते मुकाट्याने ऐकले. आज तो एका कचेरीत नोकरीस आहे, संसार नीट चालला आहे. सुरसागराच्या काठी मध्यंतरी भेटला, तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं." परंतु मग आपल्या लहान मुलाला आखाड्यात घातल्याचे त्याने आपणहून सांगितले. ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे आले, ते आम्ही विसरलो नाही. आमचा सल्ला चुकला होता असे आजही वाटत नाही. तथापि तो माहिती न घेता दिला होता, एवढे मात्र खरे.

म्हणून या वेळी आम्ही आधी माहिती मिळविली. ती इतकी चित्तवेधक निघाली की ती आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले. मुलाने मारलेली ती थाप नव्हती.

खेळ आहे तरी कसा?

या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारीत दूरच्या खळग्यात न्यावयाचा असतो. येथे चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी आणि खळग्याऐवजी खांबावर बसविलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करावयाची, तबकडी जेथे पडली तेथून दुसरी, आणि असे करीत टोपली गाठावयाची. अशी बहुधा अठरा घरे पूर्ण करावी लागतात. ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो विजयी. प्रत्येक घरासाठी निपुण खेळाडूस किती फेकी लागाव्यात याचा आकडा ठरलेला असतो, त्यास 'पार' म्हणतात. जमाखर्चाच्या वहीप्रमाणे त्या आकड्याच्या वर किंवा खाली खेळाडूचा हिशेब मांडला जातो.

वाचावयास हे पोरखेळासारखे वाटते. परंतु मैदान म्हणजे सपाट हिरवळ नव्हे. वाट झाडांमधून, उतारांवरून, तळ्यांच्या कडेने जाते. अव्वल खेळाडू एका फेकीत चारशे-पाचशे फूट अंतर तोडतो. तेही अनेकदा दोन झाडांमधल्या एवढ्याशा फटीतून. आणि तबकडी काही सरळ जात नाही. उजव्या हाताने, हात छातीकडून बाहेर झटकून फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग भरपूर असेतो ती किंचित उजवीकडे झुकते, वेग ओसरला की डावीकडे वळून खाली उतरते. आमच्या विद्यार्थ्याचे झाकण शेवटी डावीकडे का वळत होते, त्याचा उलगडा आम्हांस येथे झाला. फिरणाऱ्या वस्तूचा तोल ढळविणारा जोर एका बाजूने लागला, तर तिचा झुकाव मात्र काटकोनातल्या दुसऱ्याच बाजूस होतो, हा भोवऱ्याचा नियम येथे काम करतो. शाळेत भोवरा फिरविणाऱ्या प्रत्येक मुलाने तो पाहिलेला असतो.

या वळणांचा उपयोग करून घेण्यासाठी तबकड्याही नाना प्रकारच्या असतात. दूर जाण्यासाठी धारदार कडेची 'ड्रायव्हर', मधल्या अंतरासाठी 'मिडरेंज' आणि टोपलीत टाकण्यासाठी जाड, गोल कडेची 'पुटर'. नियमाप्रमाणे कोणतीही तबकडी दोनशे ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये. बहुतेकींचे वजन दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅमच्या दरम्यान असते. व्यावसायिक खेळाडूच्या पिशवीत अशा वीसएक तबकड्या असतात आणि एकाच साच्यातल्या दोन तबकड्याही त्यास सारख्या नसतात. झाडांवर, दगडांवर आपटून तबकडी झिजते आणि झिजली की तिचे वळण बदलते. नवी तबकडी डावीकडे ओढ घेते, तर तीच दोन वर्षांनी सरळ जाऊ लागते. मुरलेला खेळाडू जुनी तबकडी टाकून देत नाही. तिच्या वयाप्रमाणे तिला वेगळे काम देतो. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्या माणसास हे ऐकून बरे वाटले.

पाईच्या ताटलीपासून

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात फ्रिस्बी नावाची बेकरी होती. तिच्या पाई नावाच्या पक्वान्नाच्या रिकाम्या पत्र्याच्या ताटल्या फेकण्याचा नाद तिकडच्या विद्यार्थ्यांस लागला. दूर कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाच्या गृहस्थाने प्लॅस्टिकची उडती तबकडी बनविली. 1957 साली व्हॅम-ओ या खेळणी करणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी तिला 'फ्रिस्बी' हे नाव दिले. पुढे त्याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे काढून तिचे उड्डाण स्थिर केले. त्याचे पेटंट 1967 साली मिळाले. तोवर ते केवळ खेळणे होते.

त्याचा नियमबद्ध खेळ करण्याचे श्रेय मुख्यतः याच हेड्रिक यांना दिले जाते. लोक झाडे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांना नेम धरून तबकड्या फेकीतच असत. हेड्रिक यांनी 1975 साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत या खेळाचे कायमचे मैदान आखविले. आरंभी तेथे नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही, यावर वाद होत. ते मिटविण्यासाठी त्यांनी साखळ्यांची टोपली तयार केली. साखळी वाजली, तबकडी टोपलीत राहिली, की वाद संपला. 1976 साली त्यांनी 'प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन' ही संस्था काढली व तिचा सभासद क्रमांक एक स्वतःकडे घेतला. 2002 साली ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या रक्षेचा अंश प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही तबकड्या काढण्यात आल्या. आपण रक्षा नर्मदेत सोडतो, या गृहस्थाने ती हवेत सोडण्याची सोय करून ठेवली!

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. संस्थेच्या नावात 'व्यावसायिक' हा शब्द पहिल्या दिवसापासून होता. व्यवसाय मात्र नव्हता. नाव आधी आले, पोट भरण्याची सोय पुष्कळ वर्षांनी आली. मधल्या काळात जे खेळले, त्यांची कथा सांगितल्याखेरीज एक कोटी डॉलरची कथा सांगणे अन्यायाचे होईल.

बारा वेळा जगज्जेता

फ्लोरिडा राज्यातल्या क्लिअरवॉटर गावचा केन क्लाइमो 1990 साली प्रथम जगज्जेता झाला. त्यानंतर 1991, 1992 असे करीत 1998 पर्यंत त्याने ते पद कोणासही मिळू दिले नाही. सलग नऊ वर्षे! पुढे 2000, 2002 आणि अखेरीस पस्तिशी उलटल्यावर 2006 साली त्याने ते पुन्हा जिंकले. एकूण बारा वेळा. अमेरिकन अजिंक्यपदाची मानाची स्पर्धा 1999 साली सुरू झाली, तीही त्याने पाच वेळा जिंकली. खेळाडू त्यास नुसते 'द चॅम्प' म्हणत, नाव घेण्याची गरज पडत नसे.

कोणत्याही खेळात बारा वेळा जगज्जेता झालेला मनुष्य किती धनवान असेल, याची कल्पना वाचक करू शकतील. क्लाइमोच्या बाबतीत ती कल्पना चुकेल. त्या काळी बक्षिसाची रक्कम मुख्यतः खेळाडूंनी भरलेल्या प्रवेश फीमधूनच उभी राही. म्हणजे दहांनी पैसे घालावयाचे आणि तिघांनी वाटून घ्यावयाचे, असा मामला. पाहणारे लोक म्हणजे इतर खेळाडूच. दूरचित्रवाणीवर स्थान नाही, वर्तमानपत्रांत कोपऱ्यात चार ओळी. खेळाडू मोटारीत सामान टाकून शेकडो मैल हाकीत एका गावाहून दुसऱ्या गावी जात, मित्राकडे किंवा मोटारीतच झोपत, फावल्या वेळी तबकड्या विकत व नवशिक्यांस धडे देत.

त्यास आधार मिळाला तो तबकड्या करणाऱ्यांकडून. 1983 साली डेव्ह ड्युनिपेस यांनी तिरक्या कडेची तबकडी बनवून या खेळाचे अंतरच बदलून टाकले आणि त्यातूनच इनोव्हा ही कंपनी उभी राहिली. तिच्या 'एव्हियार' पुटरवर क्लाइमोच्या नावाची आद्याक्षरे छापली जाऊ लागली. खेळाडूच्या नावावर माल खपतो, त्यातला वाटा खेळाडूला मिळतो, हा जो पुढे मोठा ओघ झाला, त्याचा झरा येथे दिसतो.

हंटिंग्टन बीचचा मुलगा

1979 साली कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच या समुद्रकाठच्या गावी हेड्रिक यांनी पन्नास हजार डॉलरच्या बक्षिसांची स्पर्धा भरविली होती. त्या काळाच्या मानाने ती मोठीच रक्कम. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1990 साली पॉल मॅकबेथ जन्मला आणि तो याच गावचा म्हणून ओळखला जाऊ लागला. क्लाइमो पहिल्यांदा जगज्जेता झाला तेही 1990 सालच.

2012 साली बाविशीच्या उंबरठ्यावर मॅकबेथने पहिले जगज्जेतेपद मिळविले. मग 2013, 2014 व 2015 अशी ओळीने आणखी तीन. आता हा क्लाइमोच्या वाटेने जाणार, असे सर्वांस वाटू लागले. परंतु 2016 व 2017 साली, ज्याच्यावर त्याने पूर्वी अनेकदा मात केली होती त्या रिकी विसॉकीने जगज्जेतेपद हिरावून नेले. 2018 चे तिसऱ्याच खेळाडूकडे गेले. याच 2018 च्या उन्हाळ्यात मिशिगनमधील एका स्पर्धेत मॅकबेथने अठरा घरांची फेरी पारपेक्षा अठरा फेकी कमी घेऊन पूर्ण केली. म्हणजे सरासरीने प्रत्येक घरी एक फेक वाचविली. त्या फेरीची गणना या खेळातील सर्वोत्तम फेऱ्यांत होते.

2019 च्या आरंभी त्याने इनोव्हा सोडून मिशिगनच्या डिस्कक्राफ्ट कंपनीशी करार केला. खेळाडूने हत्यार बदलणे सोपे नाही. ज्या तबकड्यांचे वळण हातात मुरले, त्या पिशवीतून काढून टाकावयाच्या आणि नव्या तबकड्यांशी सलगी करावयाची! गवयाला ऐन मैफिलीत परका तंबोरा द्यावा, तसाच प्रकार. पण त्याच वर्षी इलिनॉय राज्यात पिओरिया येथे तो पाचव्यांदा जगज्जेता झाला. लूना, झ्यूस, अथीना अशा देवदेवतांच्या नावांच्या तबकड्या त्याच्या नावाने निघू लागल्या आणि खपूही लागल्या.

मग 2020 चे कोविडचे वर्ष आले. जगज्जेतेपदाची स्पर्धा रद्द झाली. परंतु जे खेळ बंद जागेत किंवा अंगाला अंग भिडवून खेळतात, ते थांबले असता मोकळ्या रानात एकट्याने किंवा दुकट्याने खेळावयाचा हा खेळ एकाएकी वाढला. बागेतल्या मैदानांवर बहुधा पैसे पडत नाहीत आणि एका तबकडीवर आरंभ करता येतो, हेही त्याच्या पथ्यावर पडले. तबकड्यांचा खप इतका झाला की कारखान्यांस पुरवठा करणे कठीण झाले. या लाटेवर, 2021 च्या फेब्रुवारीत डिस्कक्राफ्टने मॅकबेथशी दहा वर्षांचा करार जाहीर केला. रक्कम एक कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने सत्तर कोटी रुपयांहून अधिक. आमच्या विद्यार्थ्याने सांगितलेला आकडा तो हाच.

दोनशे सत्तेचाळीस फूट

कराराची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षीच्या जून महिन्यात युटा राज्यातील ऑग्डेन येथे जगज्जेतेपदाची स्पर्धा झाली. शेवटच्या दिवशी, शेवटच्या घरी मॅकबेथ एका फेकीने पुढे होता. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स कॉनराड टोपलीपासून 247 फुटांवर. तेथून तबकडी थेट टोपलीत गेली तरच त्यास आशा होती, आणि एवढ्या अंतरावरून ती जात नसते. कॉनराडने फेकलेली तबकडी हवेत वळण घेत गेली आणि सरळ साखळ्यांत शिरली. बरोबरी झाली. बरोबरी फोडण्यासाठी जो अधिकचा खेळ झाला, त्यात कॉनराडने बाजी मारली.

त्या फेकीचे चित्रण जगभर लाखो लोकांनी पाहिले. डिस्क गोल्फ म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नव्हते, त्यांनीही ते पाहिले. आम्हीही ते पाहिले, आणि आमची नजर विजेत्याकडून सहज हरलेल्याकडे वळली. खेळाडूने सर्व काही योग्य केले असताही दुसऱ्याच्या हातून अद्भुत घडते आणि पद जाते. याला उपाय नाही. अभ्यास करणाऱ्या मुलास आम्ही 'कष्ट केलेस तर यश मिळेल' असे सांगतो, ते बव्हंशी खरे असते. खेळाडूस मात्र एवढेच सांगता येते, 'कष्ट केलेस तर शेवटच्या घरापर्यंत पोहोचशील.'

मॅकबेथ पुढच्या वर्षी पुन्हा शेवटच्या घरापर्यंत पोहोचला. 2022 च्या सप्टेंबरात कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे पुन्हा बरोबरी झाली, या वेळी ॲरन गॉसेजशी. पुन्हा अधिकचा खेळ झाला आणि मॅकबेथ सहाव्यांदा जगज्जेता झाला. स्वतःच्या नावाची एक संस्था काढून, जेथे या खेळाची मैदाने नाहीत अशा देशांत ती बांधून देण्याचे कामही त्याने आरंभिले आहे.

वहीची दोन पाने

येथवर वाचून आमच्या विद्यार्थ्याप्रमाणे वाचकांचेही डोळे एक कोटीवर खिळले असतील. म्हणून वहीचे दुसरे पानही उलगडले पाहिजे.

हा करार एकट्याचा. त्या उंचीवरचे खेळाडू बोटांवर मोजता येतील. त्यांच्याखाली शेकडो असे आहेत की जे स्वतःला व्यावसायिक म्हणवितात आणि स्पर्धांतून मिळालेल्या पैशांत मोटारीचे पेट्रोल व पुढल्या स्पर्धेची फी भागली तर समाधान मानतात. कोणी आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवार खेळतात. शरीराची हमी नाही. ज्या विसॉकीने दोनदा जगज्जेतेपद मिळविले, तो पुढे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम नावाच्या आजाराने बेजार झाला. रानावनांत खेळावयाच्या खेळात हा धोका आहेच. पाच वेळा जगज्जेती ठरलेली पेज पिअर्स हिचा 2023 साली घोटा मोडला आणि तिचे ते वर्ष पुढे वाया गेले.

दुसरीकडे, हा खेळ आता अमेरिकेपुरता उरलेला नाही. जगभरात त्याची पंधरा हजारांहून अधिक मैदाने झाली आहेत. फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया यांसारख्या थंड देशांत तो घरोघरी पोहोचला आहे. एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या बडोदे शहराहूनही कमी, आणि तेथील क्रिस्टिन टॅटर ही 2022 व 2023 अशी दोन वर्षे महिलांची जगज्जेती झाली. तेव्हा देश लहान म्हणून खेळाडू लहान, असे काही नाही. शिवाय खेळाडूच्या भोवती मैदाने आखणारे, तबकड्या घडविणारे, स्पर्धा भरविणारे, शिकविणारे, चित्रण करणारे अशी पुष्कळ माणसे खेळावर जगू लागली आहेत. पहिल्या क्रमांकावर जागा एकाचीच असते. भोवती मात्र जागा वाढत जातात.

आश्रय कोणाचा?

हे सर्व वाचीत असता आम्हांस आपल्या गावाची आठवण वारंवार होत होती. खेळणे आणि खेळ यांतला फरक बडोदेकरांस कोणी शिकवावा? ज्या गावात माणिकरावांचा आखाडा उभा राहिला, ज्या गावात हिंद विजय जिमखान्याने 1923 साली हुतूतूचे नियम छापून स्पर्धा भरविल्या, त्या गावाने हेड्रिक यांच्या कितीतरी आधी तेच काम केले होते. गल्लीतल्या खेळास नियम दिले, मैदान आखले, पंच नेमला. 1947 च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे व गुल महंमद यांनी होळकरांच्या संघाविरुद्ध 577 धावांची भागी केली, तीही याच गावच्या मैदानावर. त्या काळी खेळाडूस संस्थानिकांचा आश्रय असे. पदरी नोकरी मिळे आणि खेळाडू निश्चिंतपणे खेळे. संस्थाने गेली, आश्रय गेला, आणि 'खेळून पोट भरत नाही' हे वाक्य आपल्या घरांत रूढ झाले.

मॅकबेथचा आश्रयदाता तबकड्या करणारा कारखानदार आहे आणि त्या कारखानदाराचा आश्रयदाता रविवारी बागेत जाऊन तबकडी फेकणारा साधा मनुष्य. अशा लाखो लोकांनी एकेक तबकडी विकत घेतली, तेव्हा एका खेळाडूचा संसार उभा राहिला. खेळणाऱ्यांचा पाया रुंद नसेल, तर वरचा कळस टिकत नाही. आपल्याकडेही वारे बदलले आहे. 2014 साली व्यावसायिक कबड्डी सुरू झाली. 2022 साली पुण्यात खो-खोची व्यावसायिक साखळी स्पर्धा झाली आणि तीत गुजरातचाही संघ होता. 2025 च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन भारताच्या पुरुषांनी व स्त्रियांनी दोन्ही चषक जिंकले. आमच्या विद्यार्थ्याने दाखला द्यावयास इतके दूर जाण्याचे कारण नव्हते.

चार दिवसांनी बापलेक दोघेही आले. आम्ही वरील सर्व हकीकत त्यांस सांगितली. एक कोटीची सांगितली, तशी मोटारीत झोपणाऱ्यांचीही सांगितली. वडिलांस म्हटले, "याचा सराव बंद करू नका. रोज एक तास राहू द्या. त्या एका तासानं दहावी बुडायची नाही. बुडलीच तर ती मोबाईलनं बुडेल." मुलास म्हटले, "मॅकबेथचा आकडा तू पाठ केलास. आता क्लाइमोचा पाठ कर. बारा वेळा जिंकला तो काही कोटी मिळतील म्हणून नव्हे. तेवढ्यावर खेळायची तुझी तयारी असेल, तर पुढचं पुढं पाहू. आणि तोवर गणिताचा तास चुकवायचा नाही."

मुलाने मान हलविली. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सर, याचा आजोबापण खो-खो खेळायचा. मी त्याचा खेळ कधी पाह्यला नाही." एवढे बोलून ते उठले. सराव चालू आहे, आणि सहामाहीत गणितात मिळालेले गुण वार्षिक परीक्षेत वाढवून दाखवावयाचे असा करार बापलेकांत झाला आहे. या करारात डॉलर नाहीत. तो पाळला जातो की नाही, हे एप्रिलात कळेल.

आता झाकणाचे. स्टीलचे झाकण फेकण्यास आम्ही सक्त मनाई केली, ती कायम आहे. मात्र आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी सायकलच्या जुन्या चाकाची लोखंडी कडी व पाच-सहा टाकाऊ साखळ्या घेऊन कडुनिंबाच्या फांदीस एक टोपली टांगून दिली आहे, आणि प्लॅस्टिकच्या दोन तबकड्या शाळेने विकत घेतल्या आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर मुले तेथे रांग लावतात आणि फेकींचा हिशेब वहीत मांडतात. गेल्या शनिवारी त्यांच्या आग्रहास्तव आम्हीही तीस पावलांवरून पाच तबकड्या फेकल्या. पाचही डावीकडे वळल्या. मुलांनी ते आमच्या नावापुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.